सकाळी थंड गाडी चालू होत नाही: गॅरेजमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटलेल्या असतात, कांद्याच्या पिकअपना लासलगावचा लिलाव गाठायचा असतो आणि नेमका तेव्हाच आमचा फोन वाजायला लागतो. दरवर्षी तेच ते प्रश्न येतात. एकदाचं लिहून ठेवलेलं बरं.

गाडी कशीबशी चालू झाली आहे. लगेच घेऊन येऊ का?

नको. तुम्ही गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर इंजिन गरम झालेलं असतं आणि आजार पळालेला असतो. मग आम्ही दहा वेळा सेल्फ मारणार, दहाही वेळा गाडी अर्ध्या सेकंदात चालू होणार, आणि तुम्ही म्हणणार, "घरी नाही होत हो!" या बिघाडाची तपासणी दिवसातून एकदाच करता येते: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा पहिला सेल्फ मारताना. म्हणून गाडी संध्याकाळी आणून सोडा आणि चावी देऊन जा. ते जमणार नसेल, तर उद्या पहाटेचा पहिला सेल्फ मोबाइलवर रेकॉर्ड करा. एकाने मीटरवरच्या लाइटी दिसतील असा आत मोबाइल धरायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून सायलेन्सर चित्रित करायचा. त्या दोन व्हिडिओंवरून अर्धं निदान होतं.

फोन केला की तुम्ही आधी "सेल्फ कसा फिरतो" एवढंच का विचारता?

कारण तिथे रस्ता फुटतो. नुसता "टक" आवाज येऊन सगळं गप्प झालं, किंवा सेल्फ रडत-रडत, कुथत फिरला, तर आधी बॅटरी, केबल आणि सेल्फ मोटर बघायची. डिझेल-पेट्रोलकडे वळायचंच नाही. सेल्फ झपाझप फिरतो पण इंजिन पकडत नाही, असं असेल तर बॅटरीला हातही लावू नका. तिथे इंधन, ठिणगी, हीटर (डिझेल इंजिन तापवणारे प्लग) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) यांपैकी काहीतरी कमी पडतंय. एवढा फरक न केल्यामुळे दरवर्षी किती चांगल्या बॅटऱ्या बदलल्या जातात, ते बॅटरीवाल्यांना विचारा. ते खूश आहेत.

सेल्फ रडतो, पण बॅटरी मागच्याच वर्षी टाकली आहे. मग?

बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. शून्य अंशाच्या आसपास तिची ताकद सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होते. त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. उन्हाळ्यात कुरकुर न करणारी बॅटरी जानेवारीत उघडी पडते ती यामुळे.

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरी असू द्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली असेल तर आधी चार्ज करा, मग बोलू. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून तेव्हाचा आकडा बघा. तो ९.६ च्या बराच खाली कोसळत असेल, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ मोटर जास्त करंट ओढते आहे. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तेवढे नसतील तर बॅटरीला दोष देऊ नका, अल्टरनेटर (चालू इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) तिला उपाशी ठेवतोय. (नव्या काही गाड्यांत अल्टरनेटर कॉम्प्युटरच्या हुकमाने कमी-जास्त चार्ज करतो. तिथे एकाच आकड्यावर निकाल देऊ नका.)

बॅटरी चांगली आणि सेल्फ तरी जड, असं असेल तर अर्थिंग तपासा, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिन-चासिसला जोडणारी पट्टी. मागच्या हिवाळ्यात एक पिकअप आली होती, दोन ठिकाणी बॅटरी आणि एका ठिकाणी सेल्फ मोटर बदलून. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर धरली, पोराला सेल्फ मारायला सांगितलं. जिथे ०.२ च्या आसपास दिसायला हवं, तिथे जवळजवळ २ व्होल्ट. म्हणजे १२ पैकी २ व्होल्ट वाटेतच सांडत होते. पेंटरने चासिस रंगवताना अर्थच्या पट्टीखाली रंग मारला होता, त्यावरच बोल्ट कसला होता. पॉलिश पेपरने घासून पुन्हा कसला. खर्च म्हणाल तर चहाचा, तोही त्यांनीच पाजला.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी येते, त्याने फरक पडतो का?

पडतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. आधी कसून मग व्हॅसलीन, उलट नाही.

इंजिन ऑइल पातळ टाकलं तर थंडीत बरं का?

डब्यावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं. कंपनीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलंय आणि कुणी "आपल्याकडे गरम होतं" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं असेल, तर निफाडच्या पहाटे सेल्फ जड फिरणारच. पुस्तिकेतला ग्रेड टाका. आपल्या मनाने त्याहून पातळही नको.

डिझेल गाडी आहे. सेल्फ जोरात फिरतो, पण पकडायला वेळ लावते. हीटर प्लगच गेले असतील ना?

गेले असतीलही. पण सगळ्याच डिझेल गाड्यांना हीटर सारखा लागत नाही, हे आधी समजून घ्या.

डिझेल इंजिनमध्ये ठिणगी नसते. हवा साधारण १६ ते २२ पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की पेटतं. पहाटे सिलिंडरचं लोखंडच बर्फासारखं असतं, ते दाबलेल्या हवेची उष्णता पिऊन टाकतं. जुन्या, प्रीचेंबरच्या (डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात फवारणाऱ्या) इंजिनांत हा तोटा फार, म्हणून त्यांना २० अंशांनाही हीटर लागतो. कॉमन रेलच्या गाड्यांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये जोरात फवारलं जातं. महाराष्ट्रात बहुतेक दिवस त्या हीटर मेले तरी चालू होतात. त्यामुळे गंमत अशी होते की चारपैकी तीन हीटर केव्हाच गेलेले असतात आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

एक प्लग गेला तर गाडी चालू होते, पण पहिला अर्धा-एक मिनिट तीन पायांवर लंगडते, थरथरते आणि पांढरा धूर सोडते. दोन-तीन गेले की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते.

तपासायला प्लग बाहेर काढायची गरज नाही. सगळ्या प्लगना जोडणारी पट्टी किंवा वायर सोडवा. टेस्ट लाइटचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक एकेका प्लगच्या डोक्यावर टेकवा. लाइट लागली तर प्लगची तार शाबूत आहे, नाही लागली तर प्लग मेला. मीटरने मोजाल तर चांगला प्लग १ ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो. चारही चांगले निघाले, तर चावी लावल्यावर त्या पट्टीपर्यंत करंट येतोय का ते बघा. येत नसेल तर रिले (प्लगचा करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा मोठा फ्यूज. आमच्याकडे हा क्रम उलटा झालेला खूपदा येतो: चार नवे प्लग टाकले, रिले जळालेलाच.

एक धोक्याची गोष्ट. नव्या गाड्यांतले काही प्लग ५ किंवा ७ व्होल्टचे असतात, कंट्रोलर त्यांना मोजून-मापून करंट देतो. ते बाहेर काढून थेट बॅटरीला जोडून "लाल होतो का बघू" म्हणालात, तर लाल होईल आणि तिथेच संपेल. आणि वर्षानुवर्षं न उघडलेला प्लग थंड इंजिनवर जोर लावून फिरवू नका. मोडून आत राहिला तर हेड उतरवायची वेळ येते. आदल्या दिवशी गंजनाशक स्प्रे मारून ठेवा, इंजिन गरम करून हळू सोडवा.

मीटरवर स्प्रिंगसारखी पिवळी लाइट लागते. ती विझेपर्यंत थांबायचं का?

हो! एवढ्या साध्या गोष्टीसाठी लोक गॅरेज गाठतात. चावी एका खटक्यावर ठेवा, लाइट विझू द्या, मग सेल्फ मारा. मात्र लाइट लागते म्हणजे प्लग चांगलेच आहेत, असं समजू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत ती नुसती वेळ मोजते.

धुरावरून काय कळतं?

सेल्फ फिरताना सायलेन्सरकडे बघा. डिझेल गाडीत पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर इंधन आत पोचतंय पण पेटत नाही: हीटर किंवा कॉम्प्रेशन. अजिबात धूर नाही, तर इंधन पोचतच नाही. या एका निरीक्षणाने आमचा तासभर वाचतो. चालू झाल्यावर निळसर धूर आला आणि मिनिटभरात गेला, तर रात्रभर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल झिरपलंय. चालू न होण्याचं कारण सहसा ते नसतं. काळा धूर आला तर एअर फिल्टर काढून झटका, निदान बघा तरी.

थंडीत सायलेन्सरमधून पाण्याची वाफ निघते, थेंबही पडतात. त्याला घाबरू नका. मात्र इंजिन गरम झाल्यावरही पांढरे लोट येत असतील आणि कुलंट (इंजिन गार ठेवणारं रेडिएटरचं पाणी) कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासायला हवं.

डिझेल लाइनला "एअर घेते" म्हणजे काय? दिवसा तर गाडी छान पळते.

रात्री उभ्या गाडीत लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं, कारण कुठेतरी सुईच्या टोकाएवढ्या फटीतून हवा आत शिरते. थंडीत रबर आकसतं, क्लिप सैल पडते, म्हणून त्रास हिवाळ्यात दिसतो आणि दोष डिझेलवर जातो. बाहेर डिझेलचा डागही नसतो. हवा आत जाते, डिझेल बाहेर येत नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. सेल्फ मारण्याआधी बोनेट उघडून फिल्टरजवळचा हँड पंप दाबा. तो मऊ लागला आणि दहा-पंधरा वेळा दाबल्यावर कडक झाला, आणि मग गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, तर हीटर विसरा. लाइनच शोधा: फिल्टरचं सील, पाणी काढायचा स्क्रू, रबरी पाइपची टोकं. फिल्टर नुकताच बदलला असेल तर संशय आधी तिथेच. थोडा वेळ पारदर्शक पाइपचा तुकडा मध्ये जोडून ठेवला की सकाळी त्यात बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

दुसरी खूण म्हणजे उतार. गाडी नाक वर करून लावली की त्रास, नाक खाली करून लावली की काहीच नाही, असं होत असेल तर तेही डिझेल मागे उतरण्याचंच लक्षण. एका शेतकरी भाऊंनी हे स्वतःच ताडलं होतं आणि दोन वर्षं मळ्यात गाडी उलटी लावत होते. आम्ही बारा रुपयांची वायसर बदलली.

थंडीने डिझेल गोठलं असेल का?

निफाडला नाही. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळ्यात विकलं जाणारं डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून नीट जायलाच हवं, प्रत्यक्षात ते त्याहून कमी तापमानालाही जातं. आणि पहाटेचा नीचांक तास-दोन तास टिकतो. टाकीतलं पन्नास लिटर डिझेल तेवढ्यात तितकं थंड होत नाही. उणे तापमानात डिझेलमधलं मेण जमून फिल्टर तुंबतो हे खरं, पण ते लडाख-स्पितीचं दुखणं आहे. इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात लडाखसाठी हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींनी खालून भरलेलं डिझेल शक्यतो वाटेत संपवावं आणि वर तिथलं भरावं. डिझेलमध्ये रॉकेल ओतायचा जुना सल्ला कॉमन रेलच्या पंपाला मारक आहे. पंपाचं वंगण डिझेलच असतं.

पेट्रोल कार. सकाळी तीन-चार सेल्फ, नंतर दिवसभर एका सेल्फला. स्कॅनरवर बिघाडाचा काहीच कोड नाही.

दोन गोष्टी बघायच्या, दोन्ही कोड न टाकता त्रास देतात.

पहिली, इंधनाचा दाब. चावी ऑन केली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. चावी ऑन करा, पंप थांबू द्या, ऑफ करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. पटकन चालू झाली, तर रात्रीत दाब उतरतोय: पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. इंजेक्टर गळत असेल तर पहिल्या सेल्फला पेट्रोलचा वासही येतो.

दुसरी, कुलंटचा तापमान सेन्सर. गार पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून थंड इंजिनला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. पूर्वी ते काम चोक करायचा, आता कॉम्प्युटर या सेन्सरच्या शब्दावर करतो. सेन्सर खोटं बोलला, इंजिन ८ अंशांना असताना "४० आहे" म्हणाला, तर कॉम्प्युटर पेट्रोल आखडतो. ४० हे खोटं असलं तरी अशक्य नाही, म्हणून बहुतेक वेळा कोड पडत नाही. पहाटे, सेल्फ मारायच्या आधी स्कॅनर लावा आणि कुलंट व आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी-शेजारी वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे असायला हवेत. मोबाइलला जोडायचं स्वस्त यंत्रही यासाठी पुरतं.

सीएनजी गाडी आहे, पेट्रोल वापरतच नाही. मग पेट्रोलचा काय संबंध?

बहुतेक सीएनजी कार थंड इंजिनला पेट्रोलवरच चालू होतात आणि थोडं गरम झालं की गॅसवर जातात. टाकीत काटा तळाला आणि तेही सहा महिन्यांपूर्वीचं पेट्रोल असेल, तर सकाळी दुसरं काय होणार? शिळं पेट्रोल, चिकट झालेले इंजेक्टर, कोरडा चालून मेलेला पंप. चार-पाच लिटर ताजं भरा, आठवड्यातून पंधरा-वीस किलोमीटर पेट्रोलवर चालवा. त्यानेही फरक पडला नाही तर टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) तपासा. गॅसवर व्हॉल्व्हची बैठक झिजते, गॅप संपतो आणि थंड असताना व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

मोटारसायकलला किक मारून पाय गेला. चोक ओढला तरी नाही.

प्लग काढा. ओला, पेट्रोलचा वास येणारा असेल तर ओव्हरफ्लो झालंय: चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून पाच-सहा किका मारा, प्लग पुसून लावा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, कार्बोरेटरचं स्लो जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबलंय. ओला-कोरडा कसाही असो, प्लगच्या टोकाचा गॅप पुस्तिकेप्रमाणे ठेवा.

बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना चोक नाही, पेट्रोल पंप विजेवर चालतो. बॅटरी पार उतरली की किक असूनही उपयोग शून्य. या गाड्यांत चावी ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत दोन सेकंद धीर धरा. आपण चावी आणि बटण एकदमच दाबतो.

इथेनॉलच्या पेट्रोलमुळे होतंय का?

थोडा हात असू शकतो. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते. पण निफाडच्या थंडीत २० टक्के मिश्रणावर धडधाकट गाडी चालू होतेच. आधीच अशक्त प्लग किंवा बॅटरी असलेली गाडी मात्र लवकर हार मानते. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी शिरलं असेल तर गोष्ट वेगळी. इथेनॉल ते ओढून तळाशी जातं.

ऑइलच्या चेंबरखाली बोळा पेटवणं, स्प्रे मारणं, धक्का मारणं, यातलं काय चालेल?

बोळा अजिबात नको. इंजिनखाली ऑइल-डिझेलचा थर आणि प्लॅस्टिकच्या वायरी असतात. इथरचा स्प्रे हीटर प्लग असलेल्या डिझेल गाडीत मारलात तर तो लाल प्लगवर वेळेआधी पेटतो, पिस्टन फुटू शकतो. धक्का जुन्या, मॅन्युअल गिअरच्या गाडीला अडीनडीला चालेल. ऑटोमॅटिकला जमतच नाही. नव्या गाडीत न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो. जंपर केबल बरी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

इंजिन काम काढावं लागेल, असं एका मिस्त्रींनी सांगितलं. खरं असेल?

कॉम्प्रेशन मोजून सांगितलं का, ते विचारा. नुसतं कानाने ऐकून सांगितलं असेल तर थांबा. डिझेल इंजिनला गेजवर २० बारच्या खाली आकडे आले, किंवा सिलिंडरांमध्ये मोठा फरक निघाला, तर बोलणं खरं. चालू इंजिनच्या ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभका धूर येणं, ऑइल पिणं, चढावर दम तोडणं ही सोबतची लक्षणं. यातलं काहीच नसेल आणि दिवसभर गाडी ताकदीने ओढत असेल, तर रिंगा-बोअरवर पैसे घालण्याआधी वरचं सगळं तपासून घ्या.

बरं, संध्याकाळी गाडी सोडतो. काही करून ठेवू का?

काहीही करू नका. बॅटरी चार्ज करू नका, टर्मिनल सोडू नका. सोडलंत तर कॉम्प्युटरमधले कोड पुसले जातात. टाकीत नेहमी असतं तेवढंच इंधन ठेवा. घरी गाडी उतारावर लावत असाल तर नाक कुठल्या बाजूला असतं तेवढं सांगा, आमच्या दारातही थोडा उतार आहे. आणि रात्री वाटेत चहाला थांबलात तर आम्हाला फोन करून गाडी किती वाजता बंद केली ते कळवा. सकाळी साडेसहाला आम्ही सेल्फ मारतो.